सीटखालची चार बोटं

सरजाबाईच्या घरात एकच कायदा होता आणि तो मोडायची कोणाची टाप नव्हती. घरात आलेली वस्तू सगळ्यांना झाली पाहिजे. रेनकोट घ्यायचा तो असा, की थोरल्या आनंदराजला आखूड, धाकट्या सुगतला ढगळ आणि सुनेला घोट्यापर्यंत, पण अंगात मात्र सगळ्यांच्या जावा. ओसरीवरची चपलांची जोडी सासूचीही आणि सुनेचीही. सासूची टाच तिच्यातून बोटभर बाहेर यायची आणि सुनेचा पाय आत सरकायचा, पण म्हणून दोन जोड कोण घेतंय?

"एकट्याच्या मापाचं घेऊन काय करावं? माणूस गावाला गेलं की वस्तू खुंटीला," असं सरजाबाई म्हणायची. तिला उलट बोलणं सोपं नव्हतं, कारण नवरा गेल्यावर ह्याच कायद्याच्या जोरावर तिनं दोन पोरं वाढवली, शिकवली आणि कोणापुढं हात पसरला नाही.

समीक्षा या घरात सून म्हणून आली त्याला आठ वर्षं झाली. दीड वर्षापूर्वी तिला दहावीच्या मार्कांवर डाकसेवकाची नोकरी लागली. नायगावहून आलेलं टपाल घ्यायचं आणि टाकळी, दोन वस्त्या, एक तांडा आणि कालव्यापलीकडची घरं असं वाटत फिरायचं. रोजचे अठरा किलोमीटर. म्हाताऱ्यांची आधार कार्डं, पोरांच्या परीक्षांची पत्रं, बायकांची पासबुकं. पिशवी खांद्याला लावून ती निघाली की तांड्यावरच्या बायका लांबूनच "पोस्टवाली आली" म्हणायच्या, आणि ते ऐकायला तिला मनापासून आवडायचं. गावात कोणाची सून, कोणाची बायको, कोणाची वहिनी म्हणून हाका मारणारे चिकार होते. पोस्टवाली ती एकटीच होती.

"स्कुटी घे की!" हे तिला जो भेटेल तो सांगायचा. उचलली जीभ लावली टाळ्याला. कालव्याच्या कडेनं पायवाट किती रुंद आहे, हे सांगणाऱ्याला कुठं ठाऊक होतं? पावसाळ्यात तिथली काळी माती चाकाला धरली की स्कुटी जागेवर उभी राहते, पोळ्याच्या मातीच्या बैलासारखी. सायकल निदान खांद्यावर मारून नाला ओलांडता येतो.

सायकल होती ती सासऱ्यांची. उंच, डबल दांडीची, लोखंडी. सासरे गेल्यावर आनंदराजनं चालवली, मग सुगतनं, मग ती समीक्षाकडं आली. सीट अगदी तळाला बसवली तरी हँडलपर्यंत पोचायला तिला पुढं ओणवं व्हावं लागायचं. सहा महिन्यांत उजवा गुडघा बोलायला लागला. आधी चढाला, मग सपाटीला, मग घरात उठता-बसता.

नवी सायकल घ्यायची ठरलं तेव्हा ती पगारातून साठवलेले पैसे घेऊन आनंदराजबरोबर नांदेडला गेली. बाजारातल्या एका मोठ्या काचेच्या दुकानावर पाटी होती, 'प्रोफेशनल बाईक फिटिंग'. आत एक यंत्र होतं, त्याला सायकल अडकवून ठेवलेली, शेजारी लॅपटॉप. समीक्षाला वाटलं, चला, योग्य जागी आलो.

दुकानदारानं तिला त्या यंत्राच्या जवळसुद्धा जाऊ दिलं नाही. "वो रेसिंगवाले लोगों के लिए है," म्हणाला. मग त्यानं आनंदराजला विचारलं, "मॅडमची हाईट किती?" आनंदराजनं सांगितली. "मॅडम रोज चालवणार का?" आनंदराजनं सांगितलं. मॅडम तिथंच उभ्या होत्या, तोंडात जीभ होती, पण तिला विचारतो कोण! तिनं मध्येच गुडघ्याचं सांगितलं तेव्हा दुकानदार आनंदराजकडं बघून हसला, म्हणजे बायकांचं काहीतरी असतंच, असं.

"लेडीजमध्ये हीच साइज येते," असं म्हणून त्यानं एक गुलाबी सायकल पुढं केली. पुढं टोपली, साखळीच्या झाकणावर फुलं. समीक्षानं विचारलं, "हिच्यापेक्षा मोठी?" तर म्हणाला, "मोठी मग जेन्ट्स." म्हणजे जगात माणसांची मापं दोनच, एक जेन्ट्स आणि एक गुलाबी. त्या दुकानदारानं माप घेतलं नाही असं मात्र म्हणता येणार नाही. त्यानं आनंदराजच्या खिशाचं माप नेमकं घेतलं होतं, आणि तो खिसाही खरं तर समीक्षाचाच होता.

गुलाबी सायकलीवर वळताना गुडघा हँडलला आपटायचा. आठ दिवसांत ती परत दुकानात गेली. या वेळी एकटी. दुकानदार म्हणाला, "रंग उडाला तर या मॅडम. गुडघ्याची गॅरंटी कंपनी देत नसते." दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. समीक्षा बाहेर आली आणि पुलापर्यंत चालत गेली, कारण ऑटोत बसली असती तर रडली असती, आणि त्या माणसासाठी तिला रडायचं नव्हतं.

गुडघ्याला सूज आली. नायगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, ही सायकल बंद करा नाहीतर गुडघा बंद पडेल. घरात ऐकताना 'ही' हा शब्द गळाला आणि सगळ्यांनी 'सायकल बंद करा' एवढंच उचललं.

"मग सुगतला बदलीवर घालू," आनंदराज जेवताना म्हणाला. "तुला आराम. त्यालाबी काम. पोलीस भरती होईस्तोर तेवढंच."

"माझं काम हाय ते," समीक्षा म्हणाली.

"घरातच राहणार हाय की. बाहेर चाललंय का?"

सरजाबाई भाकरी थापत होती. तिच्या कायद्यात हे बरोबर बसत होतं. समीक्षानं मात्र हातातला घास ताटात परत ठेवला. नोकरी काय रेनकोट आहे?

भुजंगकाका तिला त्याच आठवड्यात भेटले. मूळचे हदगावचे, तीस वर्षं पोस्टमन म्हणून सायकल हाणलेले, आता नायगावला लेकीकडं राहायचे. पेन्शनच्या दिवशी ते पोस्टात सायकलवरून आले, सत्तरीच्या वयात टुणकन उतरले, आणि तिथं हिशोब द्यायला आलेल्या समीक्षाला लंगडताना बघून थांबले.

"कामून लंगडून राहिलीस?"

तिनं सगळं सांगितलं. नांदेडचं यंत्र, गुलाबी सायकल, गॅरंटी. काका ऐकता ऐकता तापले.

"सायकल दुकानात मिळती माय, बसणं मिळत न्हाई. महे गुडघे बघ, अजून कुरकुर न्हाई. लातूरला जा. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत विरूपाक्ष आप्पा हायत. पाटी न्हाई, काच न्हाई. आधी कपाटं जोडायचे, मंग स्वतःची पाठ धरली म्हून स्वतःसाठी सायकल केली, आन् मंग लोकांसाठी. जाताना रिकामी जाऊ नको. पायातली चप्पल, जुन्या सायकलीची सीट आन् टपालाची पिशवी घेऊन जा. ते मागतेत."

रविवारी समीक्षा नांदेडला येऊन लातूरच्या एसटीत बसली. अर्ध्या तिकिटात. मांडीवर सासऱ्यांच्या सायकलीची सीट, पिशवीत नीट घातलेली, पण तिचं नाक बाहेर डोकावत होतं. शेजारची बाई अहमदपूरपर्यंत त्या नाकाकडं बघत होती आणि शेवटी न राहवून तिनं विचारलंच, "कुणाला द्यायला चाललीस?"

विरूपाक्ष आप्पा साठीचे, अंगात बनियन, कपाळावर भस्माचे पट्टे. पत्र्याच्या शेडमध्ये लोखंडी नळ्या उभ्या होत्या आणि चुन्याच्या भिंतीवर खडूच्या खुणा होत्या. प्रत्येक खुणेपाशी कोणाचं तरी नाव. त्यांनी तिचं म्हणणं ऐकून घेतलं, एकदाही मान हलवली नाही, आणि म्हणाले, "चप्पल काढ. इकडं दे."

समीक्षा चपापली. भस्म लावलेला बापाच्या वयाचा माणूस तिच्या चपलेला हात लावणार. "आप्पा, पायातली हाय ती."

"मंग? डोक्यावरचा पदर बघून सायकल करत असतेत का?"

त्यांनी दोन्ही चपला हातात घेतल्या, उलट्या केल्या, अंगठ्यानं तळवे चाचपले. बराच वेळ बघितलं. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हिच्यात दोन बायका हायत," ते म्हणाले. "एक टाच घासून चालती, दुसरी चवड्यावर चालती. तू कोणती?"

समीक्षा ओशाळली. "ती... सासूची पण हाय ना."

आप्पांनी सीट घेतली. कातड्यावरून हात फिरवला. "हिच्यावर तीन माणसं बसलीत. तू चवथी. तुझं हिच्यात काहीच न्हाई." सीट बाजूला ठेवून ते तिच्याकडं बघत म्हणाले, "तुझं एकटीचं काही हाय का माय?"

तो प्रश्न त्यांनी साधाच विचारला होता, डॉक्टरानं भूक लागते का विचारावं तसा. पण समीक्षाला राग आला. आप्पांचा नव्हे. आठ वर्षांचा हिशोब तिनं तिथं उभ्या उभ्या मनात फिरवला आणि हाताला एक वस्तू लागेना, म्हणून राग आला. लग्नातली साडी चुलत नणंदेनं नेली होती. मोबाईलमध्येसुद्धा सुगतचे भरतीचे व्हिडिओ भरलेले होते.

तिनं खांद्यावरची टपालाची पिशवी काढून पुढं केली. आप्पांनी पट्टा उलगडला. खाकी कापड एका जागी झिजून पांढरं पडलं होतं, तळहाताएवढं.

"ही घे," ते एकदम खुशीत म्हणाले. "ही तुझी हाय. डाव्या खांद्यावर वजन घेतीस, म्हून उजव्या पायानं तोल सांभाळतीस. गुडघ्याचा काय दोष?"

मग त्यांनी तिला भिंतीला पाठ लावून उभं केलं, एक पातळ फळी तिच्याच हातात दिली आणि म्हणाले, "दोन पायांच्या मधी धर, वर घट्ट ओढ, आन् तूच खूण कर. मी तिकडं तोंड करून उभा हाय." एवढं साधं होतं ते. कुठलं यंत्र नाही, लॅपटॉप नाही, आणि माणसाची अब्रूही जागच्या जागी. हाताचं माप, खांद्याचं माप, बसल्या उंचीचं माप. शेवटी भिंतीवर तिचं नाव लिहून ते म्हणाले, "पाय लांब हायत तुझे, हात आखूड. अशी माणसं लई असतेत. कारखानेवाल्याला ती दिसत न्हाईत."

इतके दिवस समीक्षाला वाटत होतं, बिघाड आपल्यात आहे.

आप्पांनी आगाऊ पैसे घेतले नाहीत. "आधी बसून बघ. गुलाबी सायकल आणून दे, तिची चाकं वापरतो. चाकाला रंग नसतो."

पुढच्या रविवारी ती गुलाबी सायकल पोचवून आली, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा गेली. सायकल काळी होती, कसलीही नक्षी नसलेली. मागच्या बाजूला पिशवीसाठी कॅरिअर, म्हणजे खांद्याला भार नको. आप्पांनी पिशवीत टपालाएवढ्या वजनाच्या विटा भरल्या आणि तिला गल्लीत चकरा मारायला लावल्या. स्वतः मागून चालत बघत होते. "थांब. एक सूत वर." पुन्हा चक्कर. "अजून अर्धं सूत. नाक जरा खाली." सुतारानं चौकट बसवावी तशी त्यांनी सीट बसवली. अकराव्या का बाराव्या चकरेला समीक्षाच्या लक्षात आलं, की आपण गुडघ्याचा विचारच करत नाही आहोत. गल्लीच्या टोकाला जाऊन ती उगीचच आणखी पुढं गेली, चौकातून वळून आली आणि तिला चक्क हसू फुटलं.

"आता सांग," आप्पा पाना खाली ठेवत म्हणाले. "सीटचा पाइप चार बोटं जास्तीचा हाय, आत गेलेला. तेवढा कापून सांधा झाळून टाकू का? मंग सीट वर-खाली व्हायची न्हाई. सायकल तुझी, दुसऱ्या कोणाची न्हाई. विकायला गेलीस तर कोणी घेणार न्हाई, तेबी सांगतो."

"नको आप्पा," समीक्षा पटकन म्हणाली. "घरात सगळ्यांना झाली पाहिजे."

बोलून गेल्यावर तिचं तिलाच कळलं, की हे वाक्य आपलं नाही. सरजाबाई आपल्या तोंडातून बोलली. पण बोललेलं मागं कसं घ्यावं?

"हाव का? बरं," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी बोल्ट आवळला. "मंग ह्याला कोणाला हात लावू देऊ नको."

घरी आल्यावर समीक्षानं सीटच्या पाइपावर, बरोबर सांध्याशी, लाल नेलपॉलिशची रेघ ओढली. सगळ्यांना दाखवली. सगळ्यांनी माना डोलावल्या.

पहिला महिना तिचा फार चांगला गेला. अठरा किलोमीटर कधी संपायचे ते कळायचं नाही. नाल्याशी सायकल खांद्यावर घ्यायची, पलीकडं ठेवायची आणि निघायचं. सूज ओसरली. तांड्यावरची एक म्हातारी म्हणाली, "तू आता आधी येऊन राहिलीस, भाकर व्हायच्या आत." समीक्षाला वाटलं, नोकरी वाचली.

मग एके दिवशी सुगत पहाटे मैदानावर गेला तो तिची सायकल घेऊन. जुनीची हवा गेली होती म्हणे. उंच पोरगं, त्यानं सीट वर घेतली आणि परत आल्यावर खाली केली. "लाल रेघेवर आणून ठेवली वहिनी, बघा." रेघेपेक्षा अंगठाभर वर होती. दुसऱ्या आठवड्यात आनंदराज आठवडी बाजाराला घेऊन गेला. मग सुगत पुन्हा. मग शेजारचा कोणी, कारण सुगतनं दिली. प्रत्येक वेळी तेरा नंबरचा पाना फिरायचा, सीट वर जायची, खाली यायची, आणि समीक्षा रोज निघायच्या आधी अर्धा तास सीटशी झटत बसायची. पण आप्पांनी दहा-बारा चकरांत साधलेलं एक सूत तिला कुठलं साधायला? पाइप वर-खाली घासून घासून लाल रेघच खरवडली गेली. एके सकाळी ती बघते तर नेलपॉलिशचा ठिपकासुद्धा नाही.

"बोटभरानं काय होतंय?" आनंदराज म्हणाला.

"तुमच्या बुटात बोटभर खडा घालू का? बघा काय होतंय."

"लई करून राहिलीस तू त्या सायकलीचं."

ज्याचं जळतं त्यालाच कळतं. पंधरा दिवसांत गुडघा पुन्हा सुजला, आणि एका संध्याकाळी ती तांड्यावरून सायकल ढकलत घरी आली. वाटेत तिनं तीनदा थांबून श्वास घेतला. घरी ओसरीवर बाज होती, बाजेवर आनंदराज आणि सुगत, आणि त्यांच्यामध्ये एक कागद. रजेचा अर्ज. समीक्षाचं नाव, गाव, कारण, 'गुडघेदुखी'. बदली व्यक्तीच्या जागी सुगतचं नाव, सुवाच्य अक्षरात. सुगतचा फोटोसुद्धा पिन मारून लावलेला, भरतीसाठी काढलेला, ताठ मानेचा.

"तुझी फक्त सही राहिली," आनंदराज म्हणाला. तो चिडून म्हणाला नाही, प्रेमानंच म्हणाला, आणि तेच तिला जास्त लागलं.

"कोणी विचारलं मला?"

"तुझ्याच गुडघ्यासाठी..."

"माझ्या गुडघ्याचं एवढं होतं तर सीटला हात कामून लावला?" समीक्षाचा आवाज चढला. शेजारच्या ओसरीवरची माणसं वळून बघायला लागली, पण आज तिला कोणाची पर्वा नव्हती. "गुडघा तुम्हीच बिघडवता, आन् तुम्हीच अर्ज भरता! सायकल माझ्या पगाराची, माप माझं, लाल रेघ माझी. ती रेघ खोडली तुम्ही. आता पिशवीबी काढून घेता? लातूरच्या माणसानं मला विचारलं, तुझं एकटीचं काही हाय का. मला काही सापडंना, म्हून ही पिशवी दाखवली त्याला. तेवढीच हाय. तीबी नका ठेवू!"

सुगत खाली मान घालून नखं बघत होता. पोरगं वाईट नव्हतं, पण ताटात वाढलेलं नाही म्हणायला त्याला कोणी शिकवलं नव्हतं. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून हे सगळं चाललं होतं, हेही समीक्षाच्या नजरेतून सुटलं नाही. दर चौदा एप्रिलला ह्याच ओसरीवर बसून नवरा हक्कावर भाषण लिहायचा.

"एवढं वरडायला काय झालं?" सरजाबाई चुलीपासून म्हणाली. "घरातली वस्तू घरातली माणसं वापरणार न्हाईत तर कोण?"

समीक्षा तिला उत्तर द्यायला वळली आणि थांबली. लातूरच्या गल्लीत हेच वाक्य आपण आपल्या तोंडानं बोललो होतो. आप्पांनी हातात पाना धरून विचारलं होतं, आणि आपणच नको म्हणालो. सगळ्या जगाचा राग एका क्षणात स्वतःवर उलटला. रात्रभर तो राग काही उतरला नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार, पोस्टाला सणाची सुट्टी. तिनं सायकल एसटीच्या टपावर चढवली, सामानाचं तिकीट फाडलं आणि लातूर गाठलं.

आप्पांनी सायकल बघितली. पाइपावरचे ओरखडे बघितले. "किती माणसं बसली?"

"मोजली न्हाईत."

"मंग? बोल."

"कापा," समीक्षा म्हणाली.

"विकली जायची न्हाई."

"विकायची न्हाई."

"दिराला व्हायची न्हाई. नवऱ्याला व्हायची न्हाई."

"म्हूनच कापा, आप्पा."

त्यांनी पुन्हा तिला चकरा मारायला लावल्या, एकेक सूत बसवत आणलं, खूण केली. मग पाइप शिकंज्यात धरून करवत लावली. तो आवाज दातांवर येणारा होता, पण समीक्षा शेवटपर्यंत समोर उभी राहून बघत होती. चार बोटांचा तुकडा टण्णकन खाली पडला. आप्पांनी सांधा झाळला, बोल्टाचं भोक बुजवलं, कानस फिरवून गुळगुळीत केलं. तुकडा ते भंगारात टाकणार होते.

"तो मला द्या," समीक्षा म्हणाली, आणि टपालाच्या पिशवीत टाकून निघाली.

घरी पोचली तेव्हा दिवस मावळायचा होता. बाजेवर अर्ज तसाच होता, वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर तांब्या ठेवलेला. सुगतनं सायकल बघितली. कालच्या बोलण्याचा त्याला विसर पडला नव्हता, पण सवय कुठं जाते? "मैदानावर जाऊन येऊ का वहिनी?" म्हणत त्यानं पाना घेतला, सीटखाली हात घातला, चाचपला, वाकून बघितलं.

"वहिनी, बोल्ट कुठाय?"

आनंदराज उठून आला. त्यानंही वाकून बघितलं. सीट हलवून बघितली, ती हलली नाही.

"हे काय करून आणलंस?"

समीक्षानं पिशवीतून तुकडा काढला, तांब्या उचलून बाजूला ठेवला आणि तुकडा अर्जावर ठेवला, बरोबर सुगतच्या फोटोवर.

"ह्यो तुमचा सगळ्यांचा वाटा," ती म्हणाली. "वाटून घ्या. माझा सायकलीवर हाय. उद्या रविवार, सोमवारी साडेनऊला मी टपाल घेऊन निघणार."

सुगतनं पाना हळूच कोनाड्यात ठेवला. आनंदराजनं तुकड्याखालचा कागद ओढला, एकदा वाचला, आणि घडी करून खिशात घातला. फाडायला त्याला लाज वाटली असावी, किंवा न फाडायला.

सरजाबाई ओसरीवर आली. तिनं तो तुकडा उचलला, उजव्या हाताची चार बोटं त्यावर टेकवून बघितली, मग सायकलीच्या सीटवर हात ठेवून दाबून बघितलं. कायदा मोडला होता आणि घर जागेवर होतं. ती उंबऱ्याशी बसली. ओसरीच्या कडेला दोघींच्या चपलांची जोडी होती, तिच्यात तिनं पाय घातला. टाच बोटभर बाहेर आली, नेहमीसारखी. तिच्यावरून तिनं अंगठा फिरवला.

"तुझा त्यो लातूरचा आप्पा," ती शेवटी म्हणाली, "चपलाबी करतो का गं?"

समीक्षाचा राग अजून गेला नव्हता. पण ती खाली बसली, बाजेवरचं जुनं वर्तमानपत्र उंबऱ्याशी पसरलं, सासूचा पाय चपलेतून काढून त्यावर ठेवला, आणि पिशवीतलं पेन काढून त्याच्याभोवती रेघ ओढायला लागली.